पद्मिनीचा जुना रंग पत्र्यापर्यंत काढताना: नायलॉन स्ट्रिप डिस्क आणि पेंट रिमूव्हर, अकरा महिन्यांनंतर

अण्णांची १९८६ सालची प्रीमियर पद्मिनी आमच्या रत्नागिरीच्या घरामागच्या शेडमध्ये नऊ वर्षं उभी होती. बॉनेटवर रंगाचे पोपडे सुटले होते. नखाने एक उचलला तर खाली थरच थर: मरून, त्याखाली आकाशी, त्याखाली कंपनीतून आलेला क्रीम. यावर पुन्हा रंग मारला असता तर खालचा थर सुटताना त्यालाही घेऊन आला असता. म्हणून मागच्या नोव्हेंबरात सगळी गाडी पत्र्यापर्यंत उघडी करायला घेतली. मृगाच्या आधी सगळा पत्रा प्रायमरने झाकायचा, एवढी एकच मुदत ठेवली होती. आता गाडीने कोकणातला एक पावसाळा काढलाय, म्हणून लिहितोय.

सुरुवात चुकीच्या हत्यारांनी झाली. ग्राइंडरला फ्लॅप डिस्क (पॉलिश पेपरच्या पट्ट्या एकावर एक चिकटवलेली चकती) लावली, तिने रंगाबरोबर पत्राही खाल्ला. तारेचा कप ब्रश लावला, तर रंग निघायच्या ऐवजी तापून चकाकायला लागला, आणि ब्रशची एक तार सुटून जाड ॲप्रनमध्ये रुतली. ती डोळ्यात गेली असती तर, या विचाराने त्या दिवशी काम बंद केलं. दुसऱ्या दिवशी चेहरा झाकणारी पारदर्शक ढाल आणली आणि मगच पुढचं बटण दाबलं.

मग काळी नायलॉन स्ट्रिप डिस्क मिळाली. भांडी घासायच्या जाळीसारखी दिसते, पण धाग्यांत सिलिकॉन कार्बाइडचे कण बसवलेले असतात. जाळी मोकळी असल्यामुळे रंगाने भरून गुळगुळीत होत नाही, आणि पत्र्याला जवळजवळ धक्का लावत नाही. घेताना एक गोष्ट नक्की बघा: आपल्याकडच्या चार इंची ग्राइंडरला १६ मिलिमीटर भोकाची डिस्क लागते. मी आधी मागवलेल्या पाच डिस्क २२ मिलिमीटरच्या निघाल्या, त्या तशाच पडून आहेत.

साधा चार इंची ग्राइंडर मिनिटाला ११,००० फेऱ्या मारतो. एवढ्या वेगात ही डिस्क भराभर झिजते आणि पत्रा तापवते. तापलेला पत्रा फुगतो, आणि पद्मिनीच्या बॉनेटसारख्या मोठ्या सपाट भागाला एकदा पोक आला की तो दाबला की आत जातो, सोडला की बाहेर येतो. तो बसवणं डेंटरलाही जड जातं. माझ्याकडून उजव्या दाराला असा एक पोक आलाच. त्यानंतर वेग कमीजास्त करता येणारा ग्राइंडर घेतला आणि ५,००० च्या आसपास ठेवून काम केलं. डिस्क थोडी तिरकी धरायची, सतत सरकवत राहायची, दर मिनिटाला पत्र्यावर तळवा टेकवून बघायचा. तळवा ठेववत नसेल तर दुसऱ्या कोपऱ्यात जायचं. पूर्ण गाडीला २३ डिस्क लागल्या. धारदार कडांवर त्या लगेच फाटतात, म्हणून कडा आणि खोबणी ८० नंबरच्या पॉलिश पेपरने हातानेच काढल्या. चासी नंबर जिथे कोरलेला असतो तिथे तर ग्राइंडर नेऊच नका.

पेंट रिमूव्हर मी फक्त बॉनेट, छत आणि डिकीवर वापरला. ही जेली लावल्यावर दहा मिनिटांत रंग सुरकुततो आणि पट्टीने सालीसारखा निघतो, हे पाहायला फार समाधान वाटतं. पण जुन्या पद्धतीच्या रिमूव्हरमध्ये डायक्लोरोमिथेन असतं. ते साधारण ४० अंशांना उकळतं, म्हणजे आमच्या एप्रिलमध्ये जेली काम करायच्या आधीच उडून जाते. वरून प्लॅस्टिकचा कागद अंथरला तेव्हा ती टिकली. त्याची वाफ हवेपेक्षा जड असते, खाली साचते, आणि शरीरात गेल्यावर तिचा कार्बन मोनॉक्साइड होतो. अमेरिकेत घरगुती वापरासाठी असा रिमूव्हर विकायला २०१९ मध्ये बंदी आली, ती माणसं दगावल्यामुळेच. कापडी मास्क इथे काहीच कामाचा नाही, आणि निळे नायट्राइलचे हातमोजे काही मिनिटांत हार मानतात. बंद शेडमध्ये हे काम कधीही करू नका. मी अंगणात, वाऱ्याकडे पाठ करून केलं, आणि आईला व मुलांना तेवढा वेळ पुढच्या दारी ठेवलं.

धुळीचंही तेच. त्या काळच्या रंगात आणि प्रायमरमध्ये शिसं असू शकतं. फिल्टर बदलता येणारा अर्धा मास्क घातला, जमीन कोरडी झाडली नाही, ओल्या फडक्याने पुसली, आणि कामाचे कपडे वेगळे धुतले. हीट गन पॅनलवर वापरली नाही, फक्त आतली डांबरी चादर सोडवायला घेतली. सॅन्डब्लास्टिंग, म्हणजे जोराने वाळूचा मारा करून रंग काढणं, पातळ पत्र्याला झेपत नाही, म्हणून चाकांच्या डिश तेवढ्या कोल्हापूरला शिरोलीला पाठवल्या.

खरं काम लांबीखाली, म्हणजे पोचे बुजवायच्या पुट्टीखाली, होतं. डाव्या मागच्या फेंडरवर बोटभर जाड लांबी निघाली आणि तिच्याखाली हातभर लांब पोचा. आईला दाखवला तर ती लगेच म्हणाली, "अरे, ताईच्या बारशाला पाहुण्यांना आणायला निघताना अण्णांनी गडग्यावर घातली होती ती." पोचा सरळ न करताच कुणीतरी भरून टाकला होता. खालच्या पट्टीची लांबी काढली तेव्हा मात्र स्क्रूड्रायव्हर थेट आरपार गेला. लांबी ओल धरते आणि पत्रा आतून सडत जातो. तिथे नवा पत्रा वेल्ड करून घेतला.

आमच्याकडची हवा खारी. पहिल्यांदा बॉनेट उघडं करून रात्री तसंच ठेवलं, सकाळी त्यावर नारिंगी झाक आणि माझ्या बोटांचे ठसे गंजलेले. गल्लीतले पेंटरकाका बघून म्हणाले, "पत्रा उघडा ठेवून निजायचं नाय रे बाळा. जेवढं झाकशील तेवढंच उघड." तेव्हापासून एका दिवशी एकच पॅनल: सकाळी डिस्क, दुपारी १२० नंबरच्या पॉलिश पेपरचा हात, मग ग्रीस काढायच्या द्रावणाने पुसायचं, नवे हातमोजे घालायचे, आणि संध्याकाळ व्हायच्या आत दोन भागांचा एपॉक्सी प्रायमर. लांबी त्याच्यावर, उघड्या पत्र्यावर नाही. हाच क्रम पाळल्यामुळे मेच्या अखेरीला गाडी पूर्ण झाकली गेली.

पावसाळ्यानंतर काल टॉर्च घेऊन इंच इंच तपासली. डिस्कने उघडे केलेले दोन्ही फेंडर आणि चारही दारं स्वच्छ आहेत. छतही ठीक. डिकीच्या खालच्या दुमडीत मात्र तांदळाएवढे चार फोड आलेत. तिथे रिमूव्हर शिवणीत उतरला होता आणि मी पाण्याने धुतलं, पण दुमडीच्या आतलं निघालं नाही. बॉनेटवर कडेपासून दोन बोटं टेप लावून जेली आतच ठेवली होती, तिथे काही नाही. डिकीची ती दुमड येत्या रविवारी पुन्हा उघडतोय, या वेळी फक्त डिस्क आणि पॉलिश पेपर. क्रीम रंगाचा डबा तोवर कपाटातच राहील.