इन्सोल, कंबर आणि काउंटरमागची फरशी: नऊ महिन्यांनंतर

माझं सांगलीत औषधाचं दुकान आहे. दिवसाचे दहा तास काउंटरमागे उभा. कंबरदुखी सहा वर्षांची, आणि तिच्यासाठी नऊ महिन्यांपूर्वी इन्सोल (बुटात तळव्याखाली बसणारे आधार) करून घेतले. लोकांना कंबरेचे पट्टे आणि दुखण्याच्या गोळ्या देणारा मीच, आणि दुपारी तीन वाजता त्यातलीच एक गोळी गुपचूप घेणाराही मीच. एमआरआयमध्ये कंबरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यांमधली (एल ४-एल ५) गादी जराशी फुगलेली दिसली. डॉक्टर म्हणाले, चाळिशीनंतर हे न दुखणाऱ्यांच्या फोटोतही सर्रास दिसतं, यावर सगळं खापर फोडू नका.

पायाकडे पहिल्यांदा बघितलं ते फिजिओथेरपिस्ट बाईंनी. तपासणीच्या टेबलावर झोपवण्याआधीच त्यांनी दाराशी काढलेली माझी चप्पल उलटी करून पाहिली. टाच साधारणपणे बाहेरच्या कडेला झिजते, माझी उजवी आतल्या कडेला पार चपटी झालेली. मग मला अनवाणी उभं करून त्या मागे बसल्या. टाच बाहेरच्या अंगाला कललेली, घोटा आत ढळलेला, आणि करंगळीच्या बाजूची बोटं मागून नको तितकी दिसत होती. "आता चवड्यावर उभे राहा." राहिलो, तर तळव्याला चक्क कमान आली. म्हणजे पाय सपाट, पण लवचीक. अशा पायाला आधाराचा उपयोग होऊ शकतो. चवड्यावर जाऊनही जो सपाटच राहतो, त्याचं प्रकरण वेगळं.

त्यांनी सांगितलेली साखळी अशी: पाऊल आत कलंडलं की नडगी आत वळते, तिच्यामागोमाग मांडी, मग ओटीपोटाचं हाड पुढे झुकतं आणि कंबरेचा बाक वाढतो. ऐकायला एकदम पटतं. पण माझ्या भावाचे पाय माझ्याहून सपाट आहेत, आणि तो पोती उचलतो, कंबर ठणठणीत. म्हणून मी थोडं वाचलं. अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅमच्या पाहणीत (२०१३) नुसत्या उभ्या पायाच्या आकाराचा कंबरदुखीशी संबंध दिसला नाही. चालताना पाऊल आत कलंडण्याचा दिसला, तोही फक्त बायकांमध्ये. २००७ च्या कॉक्रेन आढाव्याचं (यात आधी झालेले प्रयोग एकत्र करून तपासतात) म्हणणं, इन्सोलने कंबरदुखी टळत नाही, आणि झालेली बरी होते म्हणायला पुरेसा पुरावा नाही. २०१७ मध्ये २२५ जणांवर प्रयोग झाला, त्यात इन्सोलवाल्यांना सहा आठवड्यांत फरक पडला. मात्र तुलना होती उपचाराशिवाय नुसतं थांबायला सांगितलेल्यांशी. नकली इन्सोल दिलेला गट नव्हताच, त्यामुळे मनाचा भाग किती ते सुटं करता येत नाही. एवढं माहीत असूनही ४,५०० रुपये मोजले. कंबर दुखत असली की माणूस मोजतो.

माप घेताना फोमच्या पेटीत पाय दाबायला लावला, ओल्या वाळूत उमटतो तसा ठसा उमटला. आठ दिवसांत इन्सोल आले: खाली कडक पॉलिप्रोपिलीन प्लास्टिक, टाचेखाली ईव्हीए फोमची पाचर, वर मऊ कापड. लाकडी पट्ट्या ठेवून मोजल्यावर उजवा पाय सहा मिलिमीटर आखूड निघाला. एवढा फरक पुष्कळांना असतो. तरी उजवीकडे तीन मिलिमीटरची उंची दिली, एकदम सगळी नाही.

पहिला दिवस एक तास, मग रोज एकेक तास वाढवत न्यायचं, असं सांगितलं होतं. दुसऱ्या आठवड्यात मी घाई केली, दुकानाबाहेर एकदम बराच वेळ घालून फिरलो आणि उजव्या गुडघ्याच्या आतल्या बाजूला कळ सुरू झाली. कमानीखाली तर लिंबू ठेवल्यासारखं वाटायचं. परत नेले, कमान थोडी घासून दिली, बरं झालं. पहिल्याच मापात सगळं बसेल असं समजू नका. घेतानाच विचारून ठेवा, दुरुस्तीचे पैसे वेगळे आहेत का.

दोन महिन्यांनी हिशेब केला. सकाळी उठल्यावर टाचेत यायची ती सणक गेलेली. कंबर मात्र जवळजवळ तशीच. तेव्हा फिजिओ बाईंनी विचारलं, "दिवसात किती तास घालता?" आणि माझी ट्यूब पेटली. दुकानात आम्ही काउंटरच्या आत चपला नेतच नाही! गल्ल्यावर लक्ष्मीचा फोटो, वर गणपती. वडिलांच्या काळापासून चपला बाहेर आणि दहा तास थंडगार फरशीवर अनवाणी. घरी तर प्रश्नच नाही. म्हणजे साडेचार हजारांचा ऐवज एरवी दिवसाला जेमतेम पाऊण तास पायाखाली, तोही बहुतेक स्कूटरवर.

वडिलांपुढे विषय काढला. "गल्ल्यावर बूट घालून उभा राहणार?" शेवटी तोड निघाली: कोरे बूट आणले, त्यांनी आजतागायत रस्ता पाहिलेला नाही. ते काउंटरखालच्या खणात राहतात, सकाळी उदबत्ती लावून झाली की पायात. फरशीवर रबरी मॅटही टाकली. तिथून पुढच्या सहा-सात आठवड्यांत दुपारची गोळी सुटली. आता आठवड्याला एखादी लागते, माल उतरवून घेतला त्या दिवशी. वाकून खालचा खण उघडताना अजून जपावं लागतं. दुखणं दहापैकी सहावरून तीनवर आलंय, शून्यावर नाही.

श्रेय कुणाला द्यायचं? खरं सांगायचं तर वाटून. त्याच काळात व्यायामही चालू होते: बोटं न मुडपता तळव्याची कमान आखडून धरणं, टाचा उचलणं, सेतुबंधासन. मे महिन्यात लग्नसराईत पंधरा दिवस व्यायाम बुडाले, इन्सोल चालू होते, तरी कंबर पुन्हा कुरकुरली. मॅटचाही वाटा असणारच.

तक्रारी. इन्सोल बसायला बुटातली मूळची गादी काढावी लागते, टाचेमागचा भाग टणक लागतो. कोल्हापुरीत किंवा उघड्या सँडलमध्ये हे बसत नाहीत, म्हणजे पावसाळ्यात बाहेर जाताना पंचाईत. भिजले तर सावलीत वाळवा. उन्हात किंवा स्कूटरच्या डिकीत टाकू नका. सातव्या महिन्यात टाचेकडचं कापड सुटलं, ते चिकटवून घेतलं. कडक भाग अजून जसाच्या तसा आहे.

माझ्याच काउंटरवर लोक आता विचारतात, म्हणून: मधुमेहामुळे पाय बधिर असतील तर असले कडक इन्सोल स्वतःच्या मनाने घालू नका, घासलेलं कळत नाही आणि जखम होते. कंबरेबरोबर पायात बधिरपणा किंवा ताकद कमी वाटत असेल, लघवीवरचा ताबा जात असेल, तर इन्सोलचं नाव न काढता थेट डॉक्टर गाठा. बाकीच्यांनी आधी तयार मिळणारे पाच-सातशेचे वापरून बघायला हरकत नाही. मी तो टप्पा गाळला, आता वाटतं गाळायला नको होता.

वडील परवा विचारत होते, त्यांच्या मापाची मॅट कुठे मिळते.