जुन्या बोटीच्या ट्रान्समसाठी वेस्ट सिस्टिमचं १०५ रेझिन आणि २०६ हार्डनर

ज्यांच्या जुन्या फायबर बोटीत इंजिन वर-खाली करताना ट्रान्समही (बोटीची मागची भिंत, जिच्यावर इंजिन बसतं) सोबत हलतो, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. माझी बोट १४ फुटी, मागे २५ हॉर्सपॉवरचं आउटबोर्ड, म्हणजे बाहेरून टांगायचं इंजिन. इंजिन खालून धरून उचललं की ट्रान्सम आणि तळ यांच्या कोपऱ्यात एक बारीक चीर उघडायची, सोडलं की मिटायची. हातोडीच्या दांड्याने ठोकल्यावर वरच्या भागात आवाज टणक यायचा, तळाचं पाणी बाहेर सोडणाऱ्या ड्रेनच्या नळीभोवती मात्र बद्द. आतल्या बाजूने छोटं भोक पाडलं तर ड्रिलबरोबर भुशाऐवजी काळा चिखल बाहेर आला. मग शंका उरली नाही.

या बोटींचा ट्रान्सम म्हणजे फायबरच्या दोन कवचांमध्ये बसवलेलं प्लायवूड. बोल्टच्या आणि नळीच्या भोकांतून पाणी आत झिरपतं, बाहेर पडायला वाट नसते, आणि प्लाय भिजलेल्या पुठ्ठ्यासारखा होतो. त्यात भोकं पाडून पातळ इपॉक्सी (रेझिन आणि हार्डनर मिसळल्यावर कडक होणारा चिकट पदार्थ) ओतायचा उपाय बरेच जण सुचवतात. मला तो अजिबात पटत नाही. ओल्या लाकडात रेझिन नीट शिरत नाही, आणि ज्या लाकडाचा जीवच गेला आहे ते वरून कडक झालं म्हणून इंजिनाचा भार पेलेल असं नाही. मी आतलं कवच कडेला चार बोटं पट्टी ठेवून कापलं, कुजका प्लाय पटाशीने सगळा खरवडला आणि बाहेरचं कवच तसंच ठेवलं. बोटीचा आकार त्याच्यामुळेच टिकतो, म्हणून त्याला बाहेरून सरळ पट्ट्यांचा आधार दिला. मग सगळं खडखडीत वाळू दिलं. घाई करायची ती इथे नको.

आता रेझिनबद्दल. बोट मुळात पॉलिएस्टर या दुसऱ्या प्रकारच्या रेझिनने बनलेली असते आणि पॉलिएस्टर स्वस्त पडतं. पूर्ण नवा ट्रान्सम त्यात बांधणारे कारागीर आहेत आणि त्यांची कामं टिकलेलीही आहेत. पण जुन्या, पूर्ण सुकलेल्या फायबरला आणि लाकडाला चिकटून राहायची ताकद इपॉक्सीत जास्त असते, आणि ट्रान्समच्या दुरुस्तीत सगळा खेळ त्या चिकटण्याचाच आहे. वेस्ट सिस्टिम हे गुजन ब्रदर्स या अमेरिकी कंपनीचं उत्पादन. १९६९ मध्ये सुरू झालेली ही मंडळी लाकूड आणि इपॉक्सी एकत्र वापरून बोटी बांधायची, आणि लाकडाशी काम करताना ते जाणवतं.

१०५ रेझिनबरोबर २०५ हा जलद हार्डनर मिळतो आणि २०६ हा सावकाश. ट्रान्समला २०६च घ्या. साधारण २२ अंश सेल्सिअसला १०० ग्रॅम मिश्रण कपात २० ते २५ मिनिटं वापरण्याजोगं राहतं. २०५ मध्ये हाच वेळ ९ ते १२ मिनिटं. दोन प्लाय, त्यांच्यामध्ये इपॉक्सी, मग क्लॅम्प, आणि सगळं सरळ रेषेत बसवायचं; त्याला ९ मिनिटं कुठे पुरणार? उकाड्यात २०६चा वेळही झपाट्याने कमी होतो. कपात साठलेलं मिश्रण स्वतःच्याच उष्णतेने तापतं, म्हणून मी ते लगेच पसरट ट्रेमध्ये ओतत होतो. पातळ थरात तेच मिश्रण दीड तासाच्या आसपास हलवण्याजोगं राहतं.

प्रमाण आकारमानाने ५ भाग रेझिनला १ भाग हार्डनर. त्यासाठी मिळणारे पंप डब्यांवर बसवले की रेझिनचा एक दाब, हार्डनरचा एक दाब, एवढंच लक्षात ठेवायचं. मला हे पंप फार आवडले. पहिले दाब टाकाऊ कपात मारायचे, म्हणजे आत अडकलेली हवा निघून जाते. पॉलिएस्टरवर हात बसलेल्यांना हार्डनर थोडा जास्त टाकून काम लवकर उरकायची सवय असते. इथे तसं करू नका. प्रमाण बिघडलं तर इपॉक्सी कधीच पुरतं कडक होत नाही, आणि तो चिकट थर खरवडून काढणं हे भयंकर काम आहे.

प्लाय मरीन दर्जाचा, १८ मिलिमीटरचे दोन. आधी दोन्ही बाजूंना नुसतं पातळ मिश्रण पाजलं, कडांना जास्त, कारण पाणी सर्वांत जास्त कडेतूनच पितो. मग ४०६ ही सिलिकाची पूड घालून दाट केलेलं मिश्रण दात्यांच्या पट्टीने पसरलं. क्लॅम्प आवळताना कडेने थोडं इपॉक्सी बाहेर आलं की थांबायचं. फार आवळलं तर सांध्यात काही उरतच नाही. कोपऱ्यांत त्याच दाट मिश्रणाची गोलाई दिली आणि त्यावर विणलेल्याऐवजी शिवलेलं, दोन तिरक्या दिशांच्या धाग्यांचं फायबर कापड तळापर्यंत आणि बाजूंपर्यंत नेलं. इंजिनाचा जोर ट्रान्समवरून बोटीच्या अंगात याच पट्ट्यांतून उतरतो. त्या आखूड ठेवल्या तर नवा प्लाय असून उपयोग नाही. नेहमीची तुटक धाग्यांची मॅट इपॉक्सीबरोबर टाळावी. तिला बांधून ठेवणारा पदार्थ पॉलिएस्टरमधल्या स्टायरिन या द्रवात विरघळतो, इपॉक्सीत विरघळत नाही.

उणी बाजूही सांगतो. सुकल्यावर पृष्ठभागावर मेणचट थर येऊ शकतो. तो साध्या पाण्याने आणि खरखरीत घासणीने धुवावा लागतो. न धुता काचपेपर मारला तर कागद भरून जातो आणि पुढचा थर नीट धरत नाही. उन्हात इपॉक्सी उघडं राहिलं तर खराब होतं, म्हणून वर रंग हवाच. थंडीत २०६ फार रेंगाळतो. १६ अंशांखाली तो वापरूच नये. आणि हातमोजे प्रत्येक वेळी. इपॉक्सीची ॲलर्जी एकदा जडली की सुटत नाही. खर्च पॉलिएस्टरपेक्षा बराच जास्त येतो. आतलं सगळं फायबरकाम नव्याने करायचं असेल तर हा विचार आधीच करून ठेवा.

इंजिनाच्या बोल्टची भोकं मी मुद्दाम मोठी पाडली, दाट इपॉक्सीने पूर्ण भरली आणि कडक झाल्यावर मधोमध हव्या त्या मापाची नवी भोकं पाडली. आता बोल्टच्या आजूबाजूला लाकूड कुठेच उघडं नाही. ट्रान्सम पूर्वीपेक्षा जाड होणार नाही याचीही काळजी घ्या, नाहीतर इंजिनाचे क्लॅम्प बसत नाहीत. इंजिन परत चढवल्यावर खालून धरून जोरात उचललं, आणि ट्रान्समवर टेकवलेल्या सरळ लोखंडी पट्टीखाली कुठेही फट दिसली नाही.

ज्यांचा ट्रान्सम अजून ठोकून टणक वाजतो त्यांनीही या रेझिनचा लहान पॅक आणि थोडी ४०६ पूड घ्यावी, आणि प्रत्येक बोल्टचं भोक याच रीतीने बंद करून घ्यावं. सुरुवात ड्रेनच्या नळीपासून करा.