जिओजिब्रा: भूमितीच्या तासाला हलणारी आकृती
ऑस्ट्रियातील साल्झबर्ग विद्यापीठात मार्कुस होहेनवार्टर यांनी २००१ साली सुरू केलेली जिओजिब्रा ही पडद्यावर आकृती काढून ती हलवू देणारी संगणक प्रणाली नववी-दहावीच्या भूमितीसाठी मला इतर कोणत्याही ‘स्मार्ट’ साधनापेक्षा अधिक उपयोगी वाटते.

त्रिकोणाचे तिन्ही शिरोलंब (शिरोबिंदूतून समोरच्या बाजूवर टाकलेले लंब) काढून ते जिथे मिळतात तो लंबसंपात बिंदू दाखवावा आणि मग एक शिरोबिंदू माउसने हळूहळू सरकवावा. कोन ९० अंशांचा होताच तो बिंदू थेट काटकोनाच्या शिरोबिंदूवर येऊन बसतो आणि कोन विशाल झाला की त्रिकोणाबाहेर पडतो, हे फळ्यावर दाखवायचे तर निदान तीन आकृत्या काढाव्या लागतात. मध्यगांचा (शिरोबिंदू आणि समोरच्या बाजूचा मध्य जोडणाऱ्या रेषांचा) संपात बिंदू मात्र कितीही ओढाताण केली तरी आतच राहतो आणि प्रत्येक मध्यगेला २:१ याच प्रमाणात विभागतो. ‘का?’ हा प्रश्न वर्गातून आपोआप येतो, आणि शिक्षकाला आणखी काय हवे असते?

शालेय वापरासाठी प्रणाली विनामूल्य आहे. क्लासिक ५ ही आवृत्ती एकदा संगणकावर बसवली की इंटरनेटशिवाय चालते, त्यामुळे जिथे जोडणीचा भरवसा नाही तिथे तीच घ्यावी. मोबाइलच्या छोट्या पडद्यावर बिंदू नेमका पकडणे जिकिरीचे जाते.

एक धोका मात्र आहे. पडद्यावर दिसले म्हणजे सिद्ध झाले, असा विद्यार्थ्यांचा समज पटकन होतो. म्हणून आकृती हलवून झाल्यावर मी प्रोजेक्टर बंद करून सिद्धता वहीतच लिहायला लावतो.