हायकोर्टाचा आदेश मराठीत समजून घ्यायचा असेल तर हे दुकान

कोल्हापुरात सीपीआर रुग्णालयाजवळ, मुंबई हायकोर्टाच्या इथल्या सर्किट बेंचपासून चालत जाण्याच्या अंतरावर हे टायपिंगचं दुकान आहे. बोर्डावर टायपिंग, झेरॉक्स, भाषांतर एवढंच. पक्षकारांनी इथं एकदा जावंच, असं माझं मत आहे.

आमच्या आप्पांचा करवीर तालुक्यातल्या शेताचा वाद भावकीशी चालू आहे. सेकंड अपील, म्हणजे हायकोर्टातलं दुसरं अपील, मुंबईत होतं तोवर आदेशात काय आलं ते वकिलांच्या फोनवरूनच कळायचं. 18 ऑगस्ट 2025 पासून सर्किट बेंचचं काम कोल्हापुरात सुरू झालं, आता प्रिंट हातात पडते. पण ती इंग्रजीत. आप्पांना सातबारा, फेरफार तोंडपाठ. इंग्रजी मात्र येत नाही. आधी दुसरीकडून भाषांतर करून घेतलं होतं. त्यात ‘स्टँड ओव्हर टू’ आणि पुढं तारीख, याचं ‘वर उभे राहा’ असं केलेलं. मोबाईलमधून काढलेलं, उघड होतं. त्याचा अर्थ साधा आहे : सुनावणी अमुक तारखेवर ठेवली.

इथल्या ताई टाईप करायला बसण्याआधी आदेश वाचतात आणि मुदतीचे, थांबवण्याचे शब्द पेन्सिलनं अधोरेखित करतात. मग समासात लिहितात : कुणाला थांबवलंय, कुठपर्यंत. आमच्या आदेशात त्यांनी दोन ओळी वेगळ्या केल्या. एका ओळीत खालच्या कोर्टातल्या दरखास्तीला ‘स्टे’ होता, म्हणजे निकालाची अंमलबजावणी थांबली. दुसऱ्या ओळीत ‘स्टेटस को’, म्हणजे जैसे थे, दोन्ही बाजूंना. गावात सगळ्यालाच स्टे म्हणतात, पण दरखास्त थांबली म्हणून भावकीला बांध फोडायला मनाई झाली असं होत नाही. माणसाला रोखायला मनाई हुकूम किंवा जैसे थे लागतं. आणि जैसे थे कोणत्या दिवशीचं? आमच्यात ‘आजच्या तारखेस’ असं होतं. ते दोन शब्द ताईंनी भाषांतरात ठळक केले. आप्पांनी दुसऱ्याच दिवशी बांधाचे फोटो काढून ठेवले.

‘ॲड-इंटरिम’ला त्यांनी नुसतं तात्पुरता लिहून सोडलं नाही. समोरच्याचं पुरतं ऐकून घेण्याआधी दिलेला दिलासा तो, हे खाली एका ओळीत दिलं. तो ‘पुढच्या तारखेपर्यंत’ असेल तर त्या तारखेला पुढं चालू ठेवून घ्यावा लागतो. ‘पुढील आदेश होईपर्यंत’ असेल तर तसं नाही. स्टे सहा महिन्यांत आपोआप उठतो असं चावडीवर अजून सांगतात. सुप्रीम कोर्टानं 2018 मध्ये तसं म्हटलं होतं खरं, पण 29 फेब्रुवारी 2024 ला पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठानं ते बाजूला सारलं. हे मला इथंच कळलं आणि नंतर वकिलांनीही तेच सांगितलं.

दिवसांच्या बाबतीत तर ताई फारच काटेकोर. नव्वद दिवस आणि तीन महिने एक नव्हेत. 1 जुलैपासून तीन महिने मोजले तर 92 दिवस होतात. सेकंड अपिलाची मुदत नव्वद दिवसांची असते. नक्कल मिळवण्यात गेलेले दिवस त्यातून वजा होतात, म्हणून नकलेवरच्या शिक्क्यातल्या अर्जाची आणि नक्कल तयार झाल्याची तारीखही त्या टाईप करतात. बहुतेक दुकानांत तो शिक्का सोडूनच देतात.

एक ठिकाणी मात्र मी अडले. ‘अबेयन्स’ला त्यांनी प्रलंबित लिहिलं होतं. प्रलंबित म्हणजे निर्णय व्हायचा राहिलेला. इथं अर्थ होता तूर्त स्थगित ठेवलेला. बोलल्यावर त्यांनी लगेच बदलून प्रिंट दिली, जादा पैसे न घेता. ‘साइन डाय’ला बेमुदत तहकूब हे मात्र पहिल्यापासून बरोबर होतं, विधानसभेच्या बातमीत असतं तसंच.

एका पानाला दीडशे रुपये घेतात. शेजारी कमी दरात होतं, तरी मी इथंच जाईन. बसायला जागा नाही, कोर्टाच्या दुपारच्या सुट्टीत उभं राहायलाही नाही, आणि म्हाताऱ्या माणसांचे त्यात फार हाल होतात. बाहेर एक बाकडं तरी टाकावं. हे भाषांतर घरी समजून घेण्यापुरतं आहे, दाखल करायचं असेल तर वकिलांना विचारा, हे ताई आधीच सांगतात.

जाताना फक्त शेवटचा आदेश नेऊ नका, आधीचे सगळे न्या. शेवटच्यात बऱ्याचदा ‘पूर्वीचा दिलासा चालू राहील’ एवढंच असतं. तो दिलासा नेमका काय, ते जुन्या पानावरच मिळतं.