पोराला तोडायचं की धरून ठेवायचं?

सांगली-मिरजेकडे पोरगा एखाद्या कडव्या गटात जायला लागला की घरात दोनच सूर निघतात. एक, मोबाईल काढून घ्या, कट्टा बंद करा, मामाकडे धाडा. दुसरा, बोलणं चालू ठेवा.

पहिल्या मार्गात वेळ थोडा लागतो. पोरगा सोळा-सतराचा असेल आणि मारामारीची तयारी दिसत असेल, तर हा मार्ग धरावाच लागतो. पण हा मार्ग चुकतो कुठे? गट विचारावर कमी, दोस्तीवर जास्त चालतो. अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञ मार्क सेजमन यांनी 2004 साली 172 जिहादी अतिरेक्यांची माहिती मांडली. बहुतेकांना आत नेणारा दुवा आधीची मैत्री किंवा नातं हाच होता. घराने दार लावलं की उरलेलं एकमेव दार गटाचं असतं. "घरचे तुला समजूनच घेत नाहीत" हे त्यांचं म्हणणं आपणच खरं करतो.

दुसरा मार्ग चिवट आहे, महिने खातो. रात्रीचं जेवण एकत्र, विचारांवर वाद नाही, प्रश्न माणसांबद्दल: कोण नेतं, पैसे कोण देतं, नाही म्हटलं तर काय होतं? गटाबाहेरचा एक जुना मित्र, तालमीतला वस्ताद किंवा चुलता जोडून ठेवायचा. नॉर्वेत 1990च्या दशकात नवनाझी (हिटलरचा वंशद्वेषी विचार मानणाऱ्या) गटांत गेलेल्या मुलांच्या पालकांनी एकमेकांना धरूनच हे काम केलं. मात्र घरातच रोज परक्यांबद्दल विष ओकलं जात असेल, तर आधी ते थांबवा. नाहीतर हा मार्ग पोकळ ठरतो.

हत्यार किंवा हल्ल्याची भाषा ऐकू आली, तर 112.