फोर्स टेबल: सदिश बेरीज हाताने करून दाखवणारे उपकरण

अदिश आणि सदिश राशींतला फरक शिकवताना फळ्यावर बहुधा दोन याद्या लिहिल्या जातात. एकीकडे वस्तुमान, तापमान, काळ आणि दुसरीकडे विस्थापन, वेग, बल. याद्या पाठ होतात, पण या राशींची बेरीज वेगवेगळ्या रीतीने का करावी लागते, हा खरा प्रश्न मागे राहतो. गेले काही महिने मी विद्यार्थ्यांबरोबर वापरत असलेले फोर्स टेबल नेमका याच प्रश्नाला हात घालते.

अंशांच्या खुणा असलेली गोल तबकडी, कडेला सरकवता येणाऱ्या तीन कप्प्या, मधल्या खुंटीभोवती सैल राहणारी कडी आणि तिला बांधून कप्प्यांवरून खाली सोडलेले, वजने टांगायचे तीन दोरे, एवढीच त्याची रचना. शून्य अंशावर 150 ग्रॅम आणि 90 अंशांवर 200 ग्रॅम टांगले, तर कडी मधोमध स्थिर करायला तिसऱ्या दोऱ्याला 350 नव्हे, 250 ग्रॅम पुरतात आणि तो दोरा सुमारे 233 अंशांवर न्यावा लागतो. पहिली दोन वजने तराजूत एकत्र ठेवली, तर मात्र 350 ग्रॅमच भरतात, कारण तिथे वस्तुमानाची बेरीज होते आणि इथे दोऱ्यांतल्या ताणांची. एका विद्यार्थिनीने पहिली कप्पी थोडी थोडी दुसऱ्या कप्पीच्या दिशेने सरकवली, तेव्हा तोल साधायला लागणारे वजन 250 वरून 350 कडे चढत गेले. तिला समांतरभुज चौकोनाचा नियम (दोन सदिश लगतच्या बाजू मानल्या, तर त्यांच्यामधला कर्ण म्हणजे त्यांची बेरीज) मला वेगळा सांगावा लागला नाही.

कप्प्यांतले घर्षण मात्र खटकते. पाच ग्रॅम जास्त टाकले तरी कडी जागची हलत नाही, म्हणून तबकडीवर हलकी टिचकी मारूनच वाचन घ्यावे. प्रत्येक हँगरचे (दोऱ्याच्या टोकाला वजने ठेवायच्या आकड्याचे) स्वतःचे 50 ग्रॅम हिशेबात धरावे लागतात, हे माहितीपुस्तिकेत कुठेही नाही. ते विसरल्यास वरच्या प्रयोगात कडी खुंटीला जाऊन टेकते.

याहून गंभीर चूक व्याख्येत आहे. ‘परिमाण आणि दिशा असते ती सदिश राशी’ एवढेच लिहून पुस्तिका थांबते. विद्युतधारेलाही दिशा असते, पण 2 आणि 3 अँपिअरच्या धारा एका जोडबिंदूत आल्या, तर तारांमधला कोन कोणताही असो, पुढे 5 अँपिअरच जातात. म्हणून ती अदिश. सदिश राशीची बेरीज समांतरभुज चौकोनाच्या नियमाने व्हावी लागते, हे वाक्य मी आमच्या प्रतीत पेनाने लिहून ठेवले आहे.