ग्रेट फॉल्स पार्क, व्हर्जिनिया : सहा महिने, अकरा खेपा आणि एक खांब

ऑगस्टमधल्या एका रविवारी ग्रेट फॉल्स पार्कच्या फाटकापुढे चाळीस मिनिटे रांगेत काढल्यावर, तिकिटाची खिडकी दोन गाड्यांवर आलेली असताना, माझ्या लक्षात आले की वार्षिक पासाचे कार्ड आदल्या दिवशीच्या पँटच्या खिशात घरीच राहिले आहे. कार्ड हातात नसेल तर पास असून नसल्यासारखाच असतो आणि चूक सर्वस्वी माझी होती, त्यामुळे हुज्जत घालण्याचा प्रश्नच नव्हता. मागे वळायला जागा नव्हती आणि शेजारी घरातले वडीलधारे अण्णा बसले होते. मी मुकाट्याने 20 डॉलर भरले. 35 डॉलरच्या पासावर 20 डॉलरचा हा भुर्दंड मला इतका झोंबला की त्या रात्री मी आतापर्यंतच्या सगळ्या खेपांचा जमाखर्च वहीत मांडला. हा अनुभव त्या वहीतूनच उतरला आहे.

वॉशिंग्टनच्या आसपास राहणाऱ्यांना हे उद्यान कुठे आहे, हे सांगण्याची गरज नाही. जॉर्जटाउन पाइक या रस्त्यावरून जाताना प्रत्येकाने तो फाटा पाहिलेला असतो. आमच्याकडे पास घेण्याचे कारण अण्णा हे होते. ते एप्रिलमध्ये सांगलीहून सहा महिन्यांसाठी आले. वय 74, गुडघे कुरकुरणारे, आणि मॉलमध्ये हिंडण्याचा मनस्वी कंटाळा. गाडीमागे 20 डॉलर तिकीट असलेल्या ठिकाणी दोनदा गेले तरी पास वसूल होतो, एवढा हिशेब मला पुरेसा होता.

पहिल्या खेपेनंतर मला कोणी विचारले असते, तर पैसे वाया गेले असेच मी सांगितले असते. येथे पोटोमॅक नदी मैलभरापेक्षा कमी अंतरात 76 फूट खाली उतरते; पण ती एका उडीत उतरत नाही, तर काळ्या खडकांच्या अनेक पायऱ्यांवरून, फाटे फुटत आणि पुन्हा एकत्र येत उतरते. गोकाकचा धबधबा पावसाळ्यात पाहिलेल्या माणसाला हे दृश्य दाखवणे जोखमीचे असते, याची मला कल्पना असायला हवी होती. अण्णांनी कठड्यावर हात ठेवून दोन मिनिटे पाहिले आणि म्हणाले, "नदी जिना उतरायला लागलीय, पडत कुठं नाही." धबधबे पाहण्यासाठी तीन सज्जे आहेत, त्यांपैकी दुसरा आणि तिसरा चाकाच्या खुर्चीनेही गाठता येतात, पहिल्याकडे मात्र खडकांतून जावे लागते, आम्ही दोन सज्जे पाहून पंधरा मिनिटांत परत निघालो. त्यातली दहा मिनिटे चालण्यात गेली होती.

परतीच्या वाटेवर अण्णा एका लाकडी खांबापाशी थांबले, आणि तेथून पुढे आमच्या सहा महिन्यांचे स्वरूप बदलले.

हा पुराच्या खुणांचा खांब आहे. सज्जांच्या वाटेवर, दरीच्या काठावरच्या सपाटीत तो उभा आहे आणि त्यावर वेगवेगळ्या उंचीवर वर्षांच्या पाट्या ठोकलेल्या आहेत : 1942, 1972, 1985, 1996, आणि सर्वांत वर, उभ्या माणसाच्या डोक्याच्याही वर, 1936. बहुतेक लोक त्याच्यापुढे मुलांना उभे करून एक फोटो काढतात आणि पुढे जातात. सांगलीच्या गावभागात आयुष्य गेलेल्या माणसाकडून मात्र हे होणे शक्य नव्हते. आमच्या जुन्या घराच्या भिंतीवर 2005 आणि 2019 च्या पाण्याच्या रेघा अण्णांनी स्वतः पेन्सिलीने ओढल्या आहेत आणि घराला रंग देताना रंगाऱ्याला तेवढी पट्टी सोडायला लावली आहे. त्यांनी खांबाला एक फेरी मारली, मागच्या दरीकडे पाहिले, पाणी किती खाली आहे याचा अंदाज घेतला, आणि मग नाराजीने विचारले, "नुसती वर्षं लिहून काय उपयोग? फूट कुठं लिहिल्यात?"

मला हा आक्षेप प्रथम क्षुल्लक वाटला होता. आता तो मला या उद्यानातला सर्वांत मोठा दोष वाटतो, आणि त्यावर मी वाजवीपेक्षा जास्त लिहिणार आहे, हे वाचकांनी समजून घ्यावे. सांगलीत आयर्विन पुलापाशी पाणी किती फुटांवर आहे, हे पावसाळ्यात शाळकरी पोरालाही ठाऊक असते. 40 फुटांना इशारा आणि 45 फुटांना धोका, हे आकडे पाढ्यासारखे पाठ असतात. पूर म्हणजे आमच्यासाठी आधी आकडा असतो आणि मग पाणी. खांबावरच्या पाट्यांमुळे छाती दडपते खरी, पण कोणत्या पातळीपासून मोजून एवढे पाणी, हे कळल्याशिवाय ती दडपलेली छाती मोकळी होत नाही.

घरी आल्यावर मी शोधले, तेव्हा उत्तर फारसे लांब नव्हते. नदीच्या खालच्या अंगाला, वॉशिंग्टन शहराच्या वेशीजवळ, लिटल फॉल्स येथे पातळी मोजण्याचे केंद्र आहे आणि तेथला ताजा आकडा कोणालाही फोनवर पाहता येतो. एरवी तो 3 फुटांच्या आसपास असतो, 10 फुटांना पूरपातळी धरतात, आणि मार्च 1936 मध्ये तो 28.1 फुटांवर गेला होता. ग्रेट फॉल्सच्या खांबाची उंची आणि लिटल फॉल्सचा आकडा एकच नव्हेत, दोन्ही ठिकाणांत काही मैलांचे अंतर आहे. पण अण्णांना मोजपट्टी मिळाली होती. पूरपातळीच्या वर 18 फूट, असे त्यांनी तोंडातल्या तोंडात दोनदा म्हटले. सांगलीत 2019 साली पाणी 57 फुटांच्या वर गेले, म्हणजे धोक्याच्या पातळीवर बारा फुटांहून थोडे अधिक. पुराच्या बाबतीत कोणा परक्या गावाने आपल्यावर मात केल्याचे अण्णांनी मान्य करताना मी प्रथमच पाहिले.

दुसऱ्या दिवसापासून चहाबरोबर लिटल फॉल्सचा आकडा वाचणे सुरू झाले. आकडा हलला की आम्ही जायचे, स्थिर असला की घरी बसायचे, असा नियमच पडला. पास घेतल्याचा खरा उपयोग येथे झाला, कारण प्रत्येक वेळी 20 डॉलर मोजून कोणी नदीची पातळी पाहायला जात नाही.

मेच्या मध्यावर सलग पाऊस झाला, आकडा 7 फुटांकडे चढला, आणि आम्ही मोठ्या अपेक्षेने गेलो. एवढ्या पाण्यात धबधबे दुप्पट गर्जत असतील, अशी माझी समजूत होती. प्रत्यक्षात धबधबे जवळजवळ नाहीसे झाले होते. एप्रिलमध्ये मोजलेल्या पायऱ्या बुडाल्या होत्या आणि त्यांच्या जागी चहाच्या रंगाचा एकच रुंद, उतरता, वेगाने धावणारा पाट होता. मी गोंधळलो, अण्णा मात्र दरीच्या दिशेने बोट करून एवढेच म्हणाले, "फुगवटा आहे." आणि तेच खरे आहे. धबधब्यांच्या वर नदीचे पात्र जवळजवळ 1000 फूट रुंद आहे. खाली मॅथर गॉर्ज नावाच्या दरीत तेच पाणी 60 ते 100 फुटांच्या फटीतून जाते. पाणी वाढले की त्या फटीतून ते तितक्याच वेगाने निसटू शकत नाही, दरी तुंबून वर येते आणि धबधब्यांची उंची खालून खाऊन टाकते. वारणेचे पाणी हरिपूरला कृष्णेत शिरताना काय होते, हे लहानपणापासून पाहिलेल्या माणसाला ते सांगावे लागले नाही. धबधबा म्हणून धबधबा पाहायचा असेल, तर आकडा 3 ते 4 च्या दरम्यान असताना जावे, हा आमच्या अकरा खेपांचा व्यावहारिक निष्कर्ष आहे.

या आकड्यांच्या नादाने इतिहासही समजू लागला. सज्जांपासून जवळच एक कोरडा चर आहे, ज्याला मी पहिल्या खेपेत पावसाच्या पाण्याचा नाला समजलो होतो. तो पटोमॅक कालवा आहे (नदीच्याच नावाचे हे जुने रूप). नदीमार्गे पश्चिमेकडचा माल समुद्राकडे आणावा, ही जॉर्ज वॉशिंग्टन यांची जुनी हौस होती. 1785 साली त्यासाठी कंपनी स्थापन झाली आणि तिचे पहिले अध्यक्ष तेच झाले. धबधबे टाळून नावा खाली उतरवण्यासाठी येथे पाच लॉक बांधले, म्हणजे दारे लावून पाणी वरखाली करता येईल असे दगडी हौद. खालच्या टोकाचे लॉक अखंड कड्यातून सुरुंगाच्या दारूने फोडून काढलेले आहेत, आणि हे काम करणाऱ्यांत मजुरांबरोबर करारबद्ध नोकर आणि मालकांकडून भाड्याने आणलेले गुलामही होते. काम 1802 मध्ये पुरे झाले. वॉशिंग्टन 1799 मध्येच वारले होते. आणि एवढ्या खटाटोपानंतर, नदीला कधी फार पाणी तर कधी फार कमी, या कारणाने कालवा वर्षातून महिना-दोन महिनेच धड वापरता येई. 1828 मध्ये कंपनीने गाशा गुंडाळला आणि सारे हक्क चेसापीक अँड ओहायो कालव्याच्या कंपनीकडे गेले, जिने समोरच्या, मेरीलँड राज्याच्या काठाने नवा कालवा काढला. तोही 1924 च्या पुरानंतर बंद पडला. "आधी दोन-चार वर्षं पातळी लिहून ठेवायची, मग खणायचं," हे अण्णांचे मत मी येथे केवळ नोंदवतो. वॉशिंग्टन यांच्यापर्यंत ते पोहोचण्याची शक्यता नाही.

कालव्याच्या कडेने जाणारी वाट सपाट आहे आणि गुडघेदुखी असलेल्यांना सावकाश झेपते. वाटेत माटिल्डाव्हिल या गावाचे अवशेष लागतात. अमेरिकी स्वातंत्र्ययुद्धातले सेनाधिकारी हेन्री ली यांनी ते वसवले आणि पत्नीचे नाव दिले. कालवा होता तोवर गाव होते, आता झाडांमध्ये दगडी भिंतींचे तुकडे उरले आहेत. तेथे पाहण्यासारखे फार नाही, पण बसायला सावली चांगली आहे. या शतकाच्या मागच्या शतकात, 1906 पासून, वॉशिंग्टनमधल्या जॉर्जटाउनहून येथवर ट्रॉली, म्हणजे विजेची ट्राम, येत असे आणि लोक सहलीला येत. लाकडी घोड्यांचा एक चक्री पाळणाही होता, तो 1972 च्या अग्नेस वादळाच्या पुराने घालवला. खांबावरचे 1972 हेच ते. अण्णांनी त्या दिवशी परत जाऊन ती पाटी पुन्हा पाहिली.

रिव्हर ट्रेल ही दीड मैलांची वाट दरीच्या काठाकाठाने जाते आणि तिच्यावर मी एकट्यानेच चार वेळा गेलो. अंतर ऐकून फसू नये. बराच भाग ओबडधोबड खडकांवरून हातांचा आधार घेत जाण्याचा आहे आणि काही ठिकाणी कडा अगदी पावलाशेजारी असतो. तिसऱ्या खेपेत, मजबुतीबद्दल फार जाहिरात करणाऱ्या एका कंपनीच्या माझ्या बुटाचा तळ अर्ध्या वाटेत उलगडला आणि मी तो पिशवीच्या बंदाने बांधून लंगडत आलो. बुटांबद्दल वेगळे लिहीन. वाट मात्र उत्तम आहे : खाली कयाक घेऊन उतरणारे धाडसी लोक दिसतात, समोरच्या कड्यावर दोर लावून चढणारे दिसतात, आणि पाण्यात एका पायावर तपश्चर्या करणारा निळा बगळा दिसतो. पाण्यात उतरण्याला सक्त मनाई आहे आणि ती मानावी. वरून संथ दिसणाऱ्या पाण्याखाली जोराची ओढ आहे आणि येथे माणसे बुडून मेली आहेत.

मेरीलँडच्या काठावरची माणसे सज्जावरून अगदी हाक मारावी इतकी जवळ दिसतात, पण मध्ये पूल नाही. गाडीने बेल्टवेवरून, म्हणजे वॉशिंग्टनभोवतीच्या वर्तुळाकार महामार्गावरून, मोठा वळसा घालावा लागतो. आमचा पास तिकडेही चालला, त्यामुळे आम्ही एकदा गेलो. ऑल्मस्टेड बेटावरच्या फळ्यांच्या वाटेवरून धबधबे समोरून दिसतात आणि दृश्य म्हणून ती बाजू सरस आहे, हे मला कबूल केले पाहिजे. अण्णांना ती आवडली नाही, कारण तिकडे त्यांचा खांब नव्हता.

रांगेबद्दल एवढेच सांगतो की शनिवार-रविवारी सकाळी दहानंतर निघू नये. फाटक 7 वाजता उघडते. आम्ही आठच्या आत पोहोचलो त्या प्रत्येक दिवशी गाडी थेट आत गेली. ज्या एका रविवारी उशिरा निघालो, त्याच दिवशी चाळीस मिनिटे गेली आणि कार्डही विसरले.

वहीतला हिशेब असा आहे : पासाचे 35 आणि विसरण्याचे 20, मिळून 55 डॉलर, खेपा अकरा, म्हणजे खेपेला 5 डॉलर. एवढ्यात दोघांची कॉफीसुद्धा होत नाही. भुर्दंड धरूनही सौदा फायद्याचा ठरला, हे ऑगस्टच्या त्या रात्री मला मान्य नव्हते, आज आहे. मात्र अण्णा नसते तर मी तीन खेपांवर थांबलो असतो, आणि मग हाच आकडा 18 डॉलरच्या वर गेला असता.

ऑक्टोबरात अण्णा परत गेले. फोनवर त्यांनी लिटल फॉल्सचे पान ठेवले आहे आणि येथे पाऊस पडल्याचे मला अनेकदा त्यांच्याकडून कळते. गेल्या आठवड्यात त्यांनी विचारले, "साडेचारवर गेलंय, बघून आलास का?" नव्या वर्षाचा पास मी घेतला आहे आणि कार्ड आता गाडीच्या कप्प्यात राहते. खांबावर फूट लिहावेत, असे विनंतीपत्र अण्णांनी तेथून लिहून पाठवले आहे. ते मराठीत आहे, भाषांतर माझ्याकडे बाकी आहे.